मोरीत कॉफीचा चोथा

ईडन प्रेरीतल्या आमच्या टाउनहाउसला दोन बाथरूम आहेत, असं आम्ही भारतात फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगायचो. ते अर्धंच खरं होतं. खालच्या बाथरूममध्ये नुसता कमोड आणि हात धुवायचं बेसिन. अंघोळीचा टब एकच, वरच्या मजल्यावर. त्यातलं पाणी तुंबलं की घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी तुंबायच्या. सगळे म्हणजे मी, नवरा, माझं बाळंतपण करायला सांगलीहून आलेली आई, आणि चार महिन्यांची लेक. दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीत ते पाणी तुंबायला लागलं.

नवरा सोमवारी सकाळी शिकागोला क्लायंटकडे जायचा तो गुरुवारी उगवायचा. त्यामुळे टब तुंबो, स्मोक अलार्म बोंबलो, नाहीतर कचऱ्याचा डबा बर्फात गोठून बसो, सगळं माझ्या गळ्यात. डिंकाचे लाडू खाऊन अंगात जी काय ताकद येत होती ती मी चिडण्यात खर्च करत होते. नवऱ्यावर चिडायचे, बर्फावर चिडायचे, आणि ही दोन्ही हाताशी नसली की आईवर.

आई सप्टेंबरात आली ती एक बॅग भरून बाळंतपण घेऊन आली होती. शेपा, बाळंतशोपा, ओवा, वेखंड, घुटीची मुळं, जुन्या सुती साड्यांची दुपटी. सांगलीत आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ झालं की पहिली अंघोळ घालायला माझ्या आईला बोलावणं यायचं. तिच्या हातात बाळ रडत नाही अशी तिची ख्याती होती आणि ती तिला नीट ठाऊक होती. पण माझ्या घरात तिची एकेक कला बाद होत गेली. बाळ घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने ओव्याची धुरी केली, तर अलार्म असा किंचाळला की शेजारीण अंगावर कोट टाकून दारात आली. धुरी बंद. शेकायला शेगडी नाही, म्हणून शेक बंद. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे मोठे केले म्हणून घुटी बंद. टाळूवर तेल थापायचं नाही, काजळ घालायचं नाही, गच्च गुंडाळून पाळण्यात निजवायचं नाही. प्रत्येक वेळी मीच दुभाषी, आणि प्रत्येक नकार माझ्याच तोंडून. आई म्हणायची, "बरं. तुमच्या इथलं तुम्हाला माहीत." आणि पुढचं काम बघायची.

उरली होती अंघोळ. ती मात्र तिने सोडली नव्हती. रोज सकाळी दहाच्या सुमाराला आई जुनं पातळ गुडघ्यापर्यंत खोचून टबात बसायची. बुडाखाली घडी केलेला टॉवेल, कारण टबाचा तळ बर्फासारखा. पाय लांब पसरायचे, पायांवर लेक पालथी. खोबरेल थंडीने डब्यात घट्ट व्हायचं, ते ती आधी हीटरच्या झरोक्यापाशी नेऊन ठेवायची. मग वाटीत डाळीचं पीठ, हळद आणि साय. इथल्या दुधाला साय धरत नाही याचा तिला भयंकर राग होता, म्हणून मी क्रीमचा डबा आणून द्यायचे. बादली-मग मी हार्डवेअरच्या दुकानातून आणले होते. बादली रंग कालवायची होती, पण ते मी तिला सांगितलं नव्हतं. आई चोळत असायची, बोलत असायची, आणि माझी लेक, जी माझ्याकडे दिवसभर भोकाड पसरायची, ती तिथे डोळे अर्धे मिटून गप्प पडलेली असायची. मी दारात उभी राहून बघायचे. मला बरंही वाटायचं आणि थोडं वाईटही वाटायचं, कारण माझ्याकडे ती तशी कधी राहत नसे.

पहिल्याच दिवशी टबात वाकून आईने विचारलं होतं, "मोरीला जाळी कुठाय?"

"इथे नसते गं जाळी. झाकण असतं वर, ते दाबलं की पाणी अडतं."

"अडवायचं कशाला? पाणी जायला पाहिजे."

मी म्हटलं होतं, इथे सगळा विचार करून बनवलेलं असतं. तेव्हा मला असली वाक्यं सहज सुचायची.

तर फेब्रुवारीत पाणी रेंगाळायला लागलं. आई उठून बाळाला पुसायला नेई तरी टबात पिवळट, तेलकट पाणी घोट्याएवढं उभं. मग हळूहळू जाई आणि कडेला पिठाची रेघ सोडून जाई. ती रेघ मी घासत होते आणि माझं डोकं फिरत होतं. नवऱ्याला फोन केला तर तो मीटिंगमधून कुजबुजला, "यार, व्हिनेगर आणि बेकिंग सोडा घाल ना, इंटरनेटवर आहे." घातलं. फसफसलं छान. पाणी होतं तिथेच. आमच्या मंडळातल्या एका काकांना विचारलं. ते सिव्हिल इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे पाणी, सिमेंट आणि इतरांचे संसार या तिन्ही विषयांवर त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "अगं, हात लावू नकोस काही. माझा माणूस पाठवतो. एकदम एक्स्पर्ट." एक्स्पर्टने त्यांच्याकडे काय दुरुस्त केलं होतं, ते मी विचारलं नाही. नंतर कळलं की गॅरेजचा दरवाजा.

माणूस आला. बाहेर उणे वीस आणि हा हाफ पँटमध्ये. दारात बुटांवर निळी प्लॅस्टिकची टोपडी चढवली, ते बघून आई खूश झाली. "बघ की, किती स्वच्छतेचे आहेत. त्यांना चहा विचार." तो धाडधाड वर गेला, टबात टॉर्च मारला, नळ सोडला, पाणी चढताना बघितलं आणि "हं" म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर टबाच्या कडेवरच्या वाटीवर गेली. त्याने बोट बुडवलं, वास घेतला.

"हे काय आहे, मॅम?"

मी सांगितलं. चण्याच्या डाळीचं पीठ, हळद, क्रीम, आणि त्याआधी खोबरेल तेल. बाळाला लावतात.

"रोज?"

"रोज."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी रोज बाळाला तळायला काढते. मग कमरेवर हात ठेवून त्याने निदान केलं. पीठ, तेल, पाणी. तुम्ही पाइपमध्ये डंपलिंग शिजवताय. हे आधी बंद. आणि मॅम, बाळाला रोज अंघोळ लागत नाही, आठवड्यातून दोनदा पुष्कळ झाली. त्याने झाकणाचा स्क्रू काढला नाही, आत तार घातली नाही, गुडघे टेकून भोकाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. हे सगळं मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त त्याच्या कमरेचा पट्टा आणि त्यावर लटकवलेली हत्यारं दिसत होती.

उपाय? तो सोपा होता. कॉफीचा चोथा. रोज एक वाटी चोथा भोकात टाकायचा आणि वरून किटलीभर उकळतं पाणी. कॉफीचे कण आतला पाइप घासून काढतात, तेल ओढून घेतात. त्याच्या आईने चाळीस वर्षं हेच केलं, आणि त्यांच्या घरी कधी प्लंबर आला नाही. म्हणजे प्लंबर त्यांच्याच घरात होता, हे काही मला त्या क्षणी सुचलं नाही. तो आलं घातलेला चहा मिटक्या मारत प्यायला, आईला थँक्यू म्हणाला आणि गेला.

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. आईने पिठाचं ऐकून घेतलं. आठवड्यातून दोनच अंघोळींचंही ऐकून घेतलं. चोथ्यापाशी मात्र अडली.

"मोरीत चोथा? अगं, चहाचा चोथा मोरीत टाकायचा नाही, हे आपल्याकडे आठ वर्षांच्या पोरीला शिकवतात. झाडाला घालतात तो."

"आई, तो लायसन्स असलेला प्लंबर आहे."

"असेल. पण चोथा तो चोथा."

"प्लीज. प्रत्येक गोष्टीत वाद नको घालूस ना! तुझ्या त्या पिठामुळेच झालंय हे सगळं. चार महिने ते पीठ आणि तेल आणि तेल आणि पीठ. हे सांगली नाहीये. इथे एक पाइप फुटला तर भिंत फोडावी लागते. कुणाला निस्तरायला लागतं? मलाच ना?"

आईने वाटी उचलली, खाली नेली, घासली, पुसली आणि कपाटात मागच्या बाजूला ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी दहा वाजले तेव्हा तिने लेकीला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "त्या साबणाने घालायची तर तूच घाल. मला नाही जमायचं ते."

मग मी घातली. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, प्लॅस्टिकच्या तिरक्या टबात ठेवून, बाटलीतल्या साबणाने. लेकीने आभाळ डोक्यावर घेतलं. आई हॉलमध्ये दुपट्यांच्या घड्या घालत बसली होती. एकच दुपटं ती उलगडायची आणि परत घडी घालायची, मला सिंकपासून दिसत होतं. मला वाटलं, रुसली आहे, येईल ताळ्यावर. तिच्या परतीच्या तिकिटाला तेव्हा दोन आठवडे राहिले होते.

आम्ही दोघी कॉफी पीत नव्हतो. म्हणून मी मुद्दाम कॉफी आणली, मुद्दाम उकळली, ती काळी कडू कॉफी सिंकमध्ये ओतून दिली आणि चोथा वर नेऊन टबात टाकला. आई जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघायची. घरभर वास. उकळत्या पाण्याची किटली घेऊन जिना चढताना दोनदा पाय सटकला. आणि पाणी? पाणी दिवसेंदिवस जास्तच तुंबायला लागलं. मी सकाळी लवकर शॉवर घ्यायचे तेव्हा पाच मिनिटांत नडगीपर्यंत काळपट पाणी. मला चष्म्याशिवाय हाताच्या अंतरावरचं दिसत नाही, त्यामुळे मी कशात उभी आहे ते मला कधी दिसलं नाही, पण पायाला लागायचं. आठव्या दिवशी मी एक्स्पर्टला फोन केला. तो म्हणाला, "कॉफीला वेळ लागतो, मॅम. चोथा डबल करा."

मी डबल केला. हे कबूल करताना आजही कान गरम होतात.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, पाणी जायचं पूर्ण थांबलं. तास झाला, दोन तास झाले, टबात काळं पाणी जसंच्या तसं. शनिवारी आईचं विमान. तिने विमानात बसण्याआधी डोक्यावरून अंघोळ करावी की नाही? मी एक्स्पर्टला, काकांना, नवऱ्याला आणि इंटरनेटला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या आणि उठले. मगाने पाणी उपसून कमोडमध्ये टाकलं. ड्रायक्लीनरकडून येतो तो तारेचा हँगर सरळ केला, टोकाला आकडा वळवला. स्क्रूड्रायव्हर घेतला, चष्मा घातला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या टबात गुडघे टेकून बसले.

झाकण दोन मिनिटांत निघालं. तार आत घातली, फिरवली, ओढली. काहीतरी जड लागलं. परत ओढली. आणि ते यायला लागलं, येतच राहिलं, हातभर लांब. केस. काळे, लांब, एकमेकांत गुंतून दोरखंड झालेले, आणि त्यात ठासून भरलेला कॉफीचा चोथा. वास असा की मी तोंड फिरवलं. मग पुन्हा वाकून मी त्या गोळ्यात पिवळं शोधायला लागले. मला पीठ हवं होतं. खरं सांगते, अकरा दिवस जे ठासून बोलले होते, त्याला मला पुरावा हवा होता. पिठाचा कणसुद्धा नव्हता. पीठ आपल्या वाटेने कधीच वाहून गेलं होतं.

केस माझे होते. आईचे पांढरे आणि जेमतेम खांद्यापर्यंत. कमरेपर्यंतचे काळे केस घरात माझ्या एकटीचेच. मी डोक्यातून हात फिरवला तर आणखी चार हातात आले.

आई दारात उभी होती, खांद्यावर लेक. तिने तारेकडे पाहिलं आणि पटकन म्हणाली, "टाक ते. बघत बसू नकोस."

"आई, हे माझे केस आहेत."

"असतात गं. बाळंतिणीचे जातात चौथ्या महिन्यात. परत येतात. तुझ्या वेळी माझे इतके गेले होते की मी आरशासमोर बसून रडले होते. टाक बघू ते."

"पण इतके? मला कधी दिसले कसे नाहीत?"

आईने लेकीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "मी उचलत होते ना. तुझी अंघोळ झाली की. हिला घेऊन बसायच्या आधी टब पुसायचे, तेव्हा. मूठभर निघायचे रोज. कागदात गुंडाळून खाली टाकून यायचे." तिने मोकळ्या हाताची मूठ करून दाखवली. "तुला आधीच झोप नाही, रडायला कारण लागत नव्हतं. म्हटलं, हे आणखी कशाला दिसायला पाहिजे?"

जाळी नव्हती ना आमच्या टबाला. आई ते काम रोज हाताने करत होती. तिच्या बोटांतून जे थोडे सुटले त्यांनी पाणी रेंगाळलं. आणि मी तिला टबातून उठवलं त्या दिवसापासून ते उचलायला कुणीच नव्हतं. त्यावर मी वाटी वाटी चोथा घालत गेले. एका परक्या माणसाच्या आईचं मी ऐकलं आणि माझ्या आईला गप्प बसवलं.

"मग तू बोलली का नाहीस? मी एवढं पीठ पीठ करत होते तेव्हा?"

"काय बोलायचं? तू म्हणत होतीस पीठ आहे. तो पट्टेवाला म्हणत होता पीठ आहे. मला वाटलं, असेल बाई माझंच. मला काय इथलं कळतंय?"

मी टबातच बसून रडले. हातात ती घाणेरडी तार तशीच. आई म्हणाली, "अगं, हात धू आधी." मी नळ सोडला, तर पाणी घर्र करून एका दमात गेलं.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः कपाटाच्या मागून वाटी काढली. डाळीचं पीठ, हळद, क्रीम, सगळं कालवलं, तेल झरोक्यापाशी ठेवलं, बादली भरली. टब दोनदा घासला. आई आली, पातळ खोचलं, टबात बसली, पाय पसरले, लेकीला पायांवर घेतलं. लेकीने एकदा हुंकार दिला आणि डोळे अर्धे मिटले. मी वाटी पुढे केली. आईने ती बाजूला सारली.

"साबण दे."

"आई, असू दे ना. पीठच लाव. मी चुकले, म्हणते ना."

"तसं नाही गं. तिला आता त्याची सवय झालीय. उद्या मी गेल्यावर तुला त्यानेच घालायचीय. परत एकदा सवय मोडायची, परत रडायची पोर." तिने बाटलीतला साबण हातावर घेतला, वास घेऊन नाक मुरडलं आणि त्या साबणाने माझ्या लेकीला अशी अंघोळ घातली की ती टबातच झोपली. पाणी खळखळ जात होतं. आई दोनदा म्हणाली, "बघ, कसं जातंय." शनिवारी सकाळी विमानाची घाई होती, अंघोळ झालीच नाही.

अकरा दिवस. ते आईचे होते आणि मी ते त्या भोकात ओतले. पुढच्या वर्षी येईन म्हणून गेलेली आई पुढच्या वर्षी आली नाही. एकदा वडिलांचं ऑपरेशन, एकदा व्हिसाची तारीख मिळेना. कॉलिंग कार्डवरून फोन करायचे तेव्हा आधी लेकीचं विचारायची आणि मग न चुकता, "मोरीतून पाणी जातंय ना गं?" मी टबाला जाळी बसवली होती, तेही सांगितलं. तरी विचारायची.

ती परत आली तेव्हा लेक साडेतीन वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी किचनमध्ये होते. वर बघितलं तर आई जिना चढत होती. पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात वाटी. मी काही बोलायच्या आत लेक तिच्या पुढून पळत बाथरूममध्ये शिरली. "नो आज्जी! आय कॅन डू इट मायसेल्फ!" आणि दार लावून घेतलं.

मी वर गेले. आई बंद दारासमोर उभी होती. आत नळ सुरू झाला होता. ती थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिली, मग दाराजवळ तोंड नेऊन विचारलं, "पाणी जातंय ना गं, बाळा?"

आतून उत्तर आलं, "येस, आज्जी."

"बरं," आई म्हणाली आणि वाटी माझ्या हातात दिली.